मुलांना घेऊन कोपनहेगन: एकच शहर, सहा-सात रात्री आणि त्यामागची तयारी

स्कँडिनेव्हियाची सहल म्हटली की आपल्याकडे चार देशांची टूरच डोळ्यांसमोर येते. आज कोपनहेगन, उद्या बोटीतून ओस्लो, परवा फ्योर्ड, मग स्टॉकहोम, आणि रोज पहाटे बॅगा दाराबाहेर. मोठ्यांना हे निभावतं. सहा वर्षांच्या मुलाला मात्र चौथ्या दिवशी किल्ला, राजवाडा आणि चर्च यांतला फरक कळेनासा होतो आणि पुढचे दिवस आई-बाबांची सहनशक्ती पाहण्यात जातात. बारा वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर माझं मत साफ आहे: एक शहर निवडा, एकच घर घ्या, सहा-सात रात्री तिथेच राहा. त्यासाठी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन सगळ्यांत सोपी. विमानतळावरून मेट्रोने पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यात पोचता येतं, शहर सपाट आहे, आणि तिथल्या गोष्टी मुलांचा विचार करून बांधलेल्या आहेत.

कधी जायचं

महाराष्ट्रातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी या बाबतीत नशीबवान आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कोपनहेगनमध्ये दिवसाचं तापमान साधारण पंधरा ते वीस अंश असतं, झाडं नुकतीच हिरवी झालेली असतात आणि डॅनिश शाळांना अजून सुट्टी लागलेली नसते. ती जूनच्या अखेरीला लागते आणि मग सगळीकडे रांगा वाढतात. जूनमध्ये सूर्य साडेचारच्या आधी उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळी घाई नसते.

या काळातली एक अडचण म्हणजे तिथल्या सुट्ट्या. ईस्टरचा रविवार धरून चाळिसाव्या दिवशी येणारा स्वर्गारोहणाचा गुरुवार, त्यानंतर दहा दिवसांनी पेंटेकॉस्टचा रविवार आणि त्याला लागून सोमवार, शिवाय ५ जूनचा संविधान दिन. या दिवशी मोठी दुकानं बंद असतात. तारखा आधी पाहून ठेवा आणि दूध, ब्रेड आदल्या दिवशी आणा.

दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर जरा थांबा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे साडेचारच्या आसपास अंधार पडतो, वारा आणि पाऊस असतो. शिवाय टिवोली ही शहरातली प्रसिद्ध बाग हॅलोविनचा हंगाम संपल्यावर बंद होते आणि नाताळच्या हंगामासाठी नोव्हेंबरच्या मध्याला उघडते. दिवाळी उशिरा आली की आपली सुट्टी नेमकी याच फटीत सापडते. मुलांना टिवोलीचं वचन देऊन बंद फाटकासमोर उभं राहायची वेळ येऊ नये. हिवाळाच हवा असेल तर नाताळची सुट्टी धरा. पावणेचारला मावळणारा सूर्य सोसावा लागेल, पण दिव्यांनी उजळलेली बाग बघायला मिळेल.

व्हिसा आणि कागदपत्रं

डेन्मार्क शेंगेन या सामायिक व्हिसाच्या युरोपीय देशांच्या गटात आहे, म्हणजे एकाच व्हिसावर शेजारच्या स्वीडनमध्येही जाता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. प्रत्यक्षात मे महिन्यासाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घ्या, कारण सगळा देशच मेमध्ये युरोपला निघालेला असतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या खालच्यांना काही नाही. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बाराच्या खालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. प्रवास विमा कमीत कमी ३०,००० युरोंचा, आणि प्रत्येकाच्या नावाने.

मुलांच्या कागदांत अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, पासपोर्ट. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो आणि शेंगेनमधून परतण्याच्या तारखेनंतर तो किमान तीन महिने चालायला हवा, म्हणून आजच कपाट उघडून तारीख बघा. दुसरी, जन्मदाखला. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी मजकुराचा नवा काढून घ्या. तिसरी, आईचं नाव. दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं, हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे. विवाह प्रमाणपत्र जोडलं की प्रश्न सहसा मिटतो. आई-वडिलांपैकी एकच जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र लागतं. बाकी बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, ऑफिसचं रजापत्र आणि शाळेचं पत्र हे नेहमीचंच.

विमानाचं तिकीट

स्वस्त तिकिटाआधी एक गोष्ट तपासा: इमिग्रेशन कुठे होणार? दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर ते कोपनहेगनला होईल. फ्रँकफर्ट किंवा आम्स्टरडॅममार्गे गेलात तर तिथे, कारण शेंगेनचं दार तेच. ऑक्टोबर २०२५ पासून या दारावर भारतीयांसारख्या बाहेरच्या प्रवाशांचे फोटो आणि ठसे घेऊन नोंद करण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे. मुलांचे ठसे नाहीत, पण फोटो असतोच. झोपेतून उठवलेल्या मुलांना घेऊन ती रांग पार करायची, तर युरोपातल्या जोडविमानाला किमान अडीच-तीन तास हातात ठेवा. दीड तासाचं कनेक्शन कागदावरच छान दिसतं.

उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असतं. मुलं पहिले दोन दिवस पहाटे चारला टक्क जागी होणार, आणि बाहेर उजेडही असणार. म्हणून पहिल्या दोन दिवसांची मोठी ठिकाणं सकाळीच ठेवा आणि रात्रीचं काही ठरवू नका.

राहायचं कुठे

हॉटेलच्या खोल्या लहान आणि महाग असतात, चौघांना एक खोली मिळणं अवघड. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर मग दुसरा विचारच करू नका. फ्रेडरिक्सबर्ग आणि ओस्टरब्रो हे कुटुंबांचे, शांत आणि बागांचे भाग. आमाआर बेटावरचा इस्लँड्स ब्रुग पाण्याकाठी आहे. मुख्य स्टेशनच्या मागचा वेस्टरब्रो सोयीचा, पण स्टेशनला अगदी लागून असलेल्या गल्ल्या रात्री मुलांबरोबर नकोशा वाटू शकतात. कुठेही घ्या, मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांत असू द्या.

बुकिंगच्या आधी घरमालकाला तीन प्रश्न विचारा. लिफ्ट आहे का? जुन्या इमारती चार-पाच मजली असतात आणि बहुतेकींना लिफ्ट नसते. बाबागाडी आणि झोपलेलं मूल घेऊन चौथा मजला चढणं रोजच्या रोज कठीण आहे. कपडे धुण्याचं यंत्र आहे का? आणि झोपायच्या खोलीला गडद पडदे आहेत का? नसतील तर एक काळी चादर आणि कपडे वाळवायचे चिमटे बॅगेत टाका. पहाटे साडेचारचा उजेड पुढे येणाऱ्या दिवसाची वाट लावतो.

बॅगेत काय, आणि काय मुळीच नाही

थर घालता येतील असे कपडे, टोपी, आणि प्रत्येकाला चांगला रेनकोट. छत्री नको, तिथला वारा ती उलटी करतो. भरपूर चालायचं असल्याने मुलांचे बूट नवे नकोत, वापरून सैल झालेले हवेत. शौचालयात पाण्याचा फवारा मिळत नाही, तेव्हा एक छोटी बाटली किंवा हाताचा जेट जवळ असू द्या.

खाऊच्या बाबतीत युरोपीय संघाचा नियम कडक आहे. दूध आणि मांस यांचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तुपाचा डबा घरीच. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सवलत आहे. ताजी फळं, भाज्या आणि पानंही चालत नाहीत. अपवाद पाचच फळांचा: अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन. मेमध्ये निघणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं: हापूस नेता येत नाही आणि कढीपत्ताही नाही. चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ भाजणी, मेतकूट, पोहे, मसाले, तांदूळ-डाळीची कोरडी खिचडी, हे बंद पाकिटांत न्या. पहिल्या रात्री दमून पोचल्यावर मेतकूट-भातासारखं काही नाही.

पैशांचं सोपं आहे. चलन डॅनिश क्रोन, साडेसात क्रोन म्हणजे साधारण एक युरो, आणि हा दर बांधलेला असल्यामुळे फार हलत नाही. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं, रोख रक्कम नसली तरी अडत नाही. फक्त दोन वेगवेगळी कार्डं दोघांच्या पाकिटांत ठेवा, आणि यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असं विचारलं तर क्रोनच निवडा.

फिरणं आणि ते प्रसिद्ध कार्ड

मेट्रो चालकाशिवाय चालते. सगळ्यांत पुढच्या काचेजवळची सीट मिळाली की मूल बोगद्यातून स्वतः गाडी चालवत असतं, आणि हा शहरातला सगळ्यांत स्वस्त खेळ आहे. मेट्रो चोवीस तास असते, स्टेशनांवर लिफ्ट आहेत. एका मोठ्या माणसाच्या तिकिटावर बारा वर्षांखालची दोन मुलं मोफत जातात. बस, मेट्रो, लोकल आणि बंदरातली पिवळी बोटबस या सगळ्यांना एकच तिकीट चालतं. फाटक कुठेच नसतं, म्हणून तिकीट काढायचं राहून जातं आणि तपासनीस आला की जबर दंड बसतो. गाडीत चढण्याआधी तिकीट हातात हवं.

आता कोपनहेगन कार्ड. शहरातली बहुतेक ठिकाणं आणि विमानतळासकट सगळी वाहतूक त्यात येते, आणि मोठ्यांच्या प्रत्येक कार्डावर बाराच्या खालची दोन मुलं फुकट येतात. तरी ते सगळ्या दिवसांसाठी घेऊ नका. मुलांचा प्रवास तसाही मोफतच आहे आणि राष्ट्रीय संग्रहालयासारख्या बऱ्याच ठिकाणी अठराच्या खालच्यांना तिकीट नाही. कार्ड तासांवर चालतं: पहिल्यांदा वापरलं की ७२ तास म्हणजे सलग ७२ तास. म्हणून मत्स्यालय, प्राणीसंग्रहालय, विज्ञानकेंद्र, कालव्यांची बोट, टिवोलीचं प्रवेशतिकीट यांपैकी निवडलेली महागडी ठिकाणं सलग तीन दिवसांत बसवा आणि बागा, समुद्रकिनारा, खेळण्याची मैदानं कार्डाबाहेरच्या दिवसांत. टिवोलीतल्या पाळण्यांचे पैसे कार्डात येत नाहीत, हे अनेकांना फाटकातून आत गेल्यावर कळतं.

रस्त्यावरचा एक धडा पहिल्याच दिवशी मुलांना द्या. फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये सायकलींची वेगळी पट्टी असते, तिच्यावर चालायचं नाही, उभंही राहायचं नाही. ऑफिसच्या वेळी तिथून सायकली भरधाव जातात. काही थांब्यांवर बसमधून उतरलेला माणूस थेट त्या पट्टीवर उतरतो, म्हणून आधी उजवीकडे बघायचं. स्वतः सायकल चालवायची हौस असेल तर समोर खोका असलेली मालवाहू सायकल भाड्याने मिळते, त्यात दोन लहान मुलं बसतात. पण गर्दीच्या रस्त्यांवर नको, रविवारी सकाळी बागेत चालवा.

रोज एकच मोठी गोष्ट

वेळापत्रकाचा एकच नियम पाळा: सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारनंतर बाग किंवा मैदान. दोन मोठी ठिकाणं एका दिवशी नकोत. पैसे गेले म्हणून दिवस वसूल करायची आपली सवय इथे घात करते.

पहिला दिवस जवळच्या जवळ. रोझेनबोर्ग किल्ल्याला लागून असलेली राजाची बाग, तिच्यातलं खेळण्याचं मैदान, आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे फुकट होणारा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ. साडेअकराला याच किल्ल्याशेजारच्या बराकीतून अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या घातलेले रक्षक निघतात आणि बाराला आमालिएनबोर्ग राजवाड्यात पहारा बदलतो. राजवाड्यात गर्दीत ताटकळण्यापेक्षा मुलांना रक्षकांच्या मागे थोडं चालू द्या, त्यात जास्त मजा आहे. तिथून जवळच गोल मनोरा आहे. चौथ्या क्रिस्तियान राजाने बांधलेला हा मनोरा १६४२ मध्ये पूर्ण झाला. वर जायला जिना नाही, २०९ मीटर लांबीचा गोल फिरत जाणारा उतार आहे. १७१६ मध्ये रशियाचा झार पीटर घोड्यावर बसून वर गेला होता म्हणतात. ही गोष्ट पायथ्याशी सांगितली की मुलं स्वतःच घोडा होऊन पळतात. अगदी टोकाला मात्र थोड्या पायऱ्या आहेत, बाबागाडी खाली ठेवा.

टिवोलीला पूर्ण दुपार आणि संध्याकाळ द्या. १८४३ साली सुरू झालेली ही बाग मुख्य स्टेशनच्या समोरच आहे. तिथला लाकडी रोलरकोस्टर १९१४ चा आणि आजही त्यात ब्रेक लावायला एक माणूस बसतो. मोर पिसारा मिटतो तसा पडदा उघडणारं मूकनाट्याचं थिएटर १८७४ चं. पाळण्यांचा दिवसभराचा पास फक्त मुलांसाठी आणि एका मोठ्या माणसासाठी काढा, आजी-आजोबांना नुसतं प्रवेशतिकीट पुरतं. पाळण्यांना उंचीची अट असते. मुलांची उंची घरी मोजून टिवोलीच्या संकेतस्थळाशी ताडून पाहिलीत तर रांगेच्या टोकावरची रडारड टळते. आणि टिवोली शेवटच्या दिवशी ठेवू नका, त्या दिवशी पाऊस आला तर पर्याय उरत नाही.

पावसासाठी दोन ठिकाणं राखून ठेवा. हेलेरुपचं एक्स्पेरिमेंटारियम हे विज्ञानकेंद्र, जिथे प्रत्येक गोष्ट हात लावूनच बघायची असते. सात ते तेरा वर्षांच्या मुलांना तिथे अख्खा दिवस कमी पडतो. दुसरं राष्ट्रीय संग्रहालय. त्यातल्या मुलांच्या विभागात जहाजावर चढता येतं, जुन्या काळचे कपडे घालता येतात, जुन्या शाळेच्या वर्गात बसता येतं.

प्राण्यांची आवड असेल तर निळा ग्रह नावाचं मत्स्यालय मेट्रोच्या कास्ट्रुप स्टेशनजवळ आहे. प्राणीसंग्रहालय फ्रेडरिक्सबर्गला. आपल्याकडच्या मुलांना हत्तीचं तेवढं अप्रूप नसलं तरी पांडा बघायला मिळतात. वेळ आणि पैसे दोन्ही कमी असतील तर शेजारच्या फ्रेडरिक्सबर्ग बागेत फिरा, तिथून प्राणीसंग्रहालयातले हत्ती फुकट दिसतात.

जलपरीच्या पुतळ्याबद्दल आधीच सांगून ठेवते. १९१३ सालची ती मूर्ती सव्वा मीटर उंचीची, दगडावर बसलेली, आणि भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. मुलं “एवढीच?” म्हणतात. केवळ तिच्यासाठी जाऊ नका. शेजारच्या ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्याच्या तटावर पळायला जा आणि परतताना तिला बघा.

या शहराचं खरं वैभव माझ्या मते खेळण्याची सार्वजनिक मैदानं आहेत, आणि टूरवाले तिथे कधीच नेत नाहीत. फेल्लेड पार्कात कोपनहेगनच्या मनोऱ्यांच्या प्रतिकृतींचं एक मैदान आहे, मुलं त्यांच्यात चढतात आणि घसरत खाली येतात. त्याच पार्कात वाहतुकीचं मैदान आहे: छोटे रस्ते, सिग्नल, पट्टे, आणि कर्मचारी असतात तेव्हा वापरायला सायकली. पुण्या-मुंबईतल्या ज्या मुलाने कधी रस्त्यावर सायकल चालवलेली नाही, त्याला तिथून बाहेर काढणं अवघड जातं. मेट्रोचं त्रियांगलेन स्टेशन जवळ पडतं. या एका पार्कासाठी मी बेधडक अर्धा दिवस देईन.

शहराबाहेर एकच फेरी करा. मुलं लहान असतील तर लोकलने क्लॅम्पेनबोर्गला जा. हरणांचं जंगल आणि त्यातलं १५८३ पासूनचं बाक्केन हे मनोरंजन उद्यान तिथे आहे. आत जायला पैसे नाहीत, बसाल त्या पाळण्याचेच. मुलं मोठी असतील तर रोस्किल्डचं व्हायकिंग जहाजांचं संग्रहालय बघा, आगगाडीने जेमतेम अर्धा तास. तिथे उन्हाळ्यात जुन्या पद्धतीच्या होडीत बसून स्वतः वल्ही मारता येतात. स्वीडनमधलं माल्मो चाळीस मिनिटांवर आहे. गाडी आधी समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, मग माणसाने बांधलेल्या बेटावर वर येते आणि पुलावर चढते. त्या प्रवासासाठीच जावं. सर्वांचे मूळ पासपोर्ट बरोबर हवेत, स्वीडनच्या बाजूला तपासणी होते.

लेगोलँड कोपनहेगनमध्ये नाही. ते बिलुंडला, देशाच्या दुसऱ्या टोकाला, गाडी आणि बस मिळून तीन तासांवर. सकाळी जाऊन रात्री परत येण्याचा बेत करू नका. मूल लेगोवेडं असेल तर तिथे एक रात्र राहा, नसेल तर सरळ वगळा.

जेवणखाण

बाहेर साध्या ठिकाणीही एक डिश दीडशे-दोनशे क्रोनांना पडते, कॉफी चाळीस-पन्नासला. म्हणून सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपारी डबा. डेनिश लोकही बागेत डबाच खातात, संकोच नको. किराणा नेट्टो, रेमा १००० किंवा लिडलमध्ये स्वस्त. भाजी, दूध, दही, अंडी, टॉर्टिया सगळं मिळतं. टॉर्टिया ही प्रवासातली पोळी समजा. बाहेर शाकाहारी खायचं तर नोरेब्रो भागात फलाफलची दुकानं आहेत आणि नोरेपोर्ट स्टेशनशेजारी तोरवेहॅलर्न बाजारात निवड भरपूर.

पाकिटावरचं वाचायला फोनचा कॅमेरा वापरा. ‘स्विने’ दिसलं की डुकराचं मांस, ‘ओक्से’ म्हणजे गोमांस, ‘क्युलिंग’ म्हणजे कोंबडी. मुलांच्या जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं. उन्हाळ्यात दुकानात कोल्डस्कोल नावाचं गोड ताक मिळतं, लिंबू आणि व्हॅनिलाच्या स्वादाचं, आपल्या पियूषच्या जवळचं. कुरकुरीत छोटी बिस्किटं टाकून द्या, मुलं वाडगा चाटून पुसून परत देतात.

नळाचं पाणी उत्तम आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घेतल्याच तर किमतीत एक ते तीन क्रोन अनामत धरलेली असते. रिकामी बाटली सुपरमार्केटच्या यंत्रात घातली की पावती मिळते आणि ती दुकानात वळती होते. हे काम मुलांकडे द्या आणि पैसेही त्यांनाच.

आजारपण आणि निघण्याचा दिवस

मुलांच्या डॉक्टरांकडून नेहमीची औषधं प्रिस्क्रिप्शनसह न्या. तिथे अँटिबायोटिक दुकानात असंच मिळत नाही. तातडीला ११२. जीवावरचं नसेल पण थांबताही येत नसेल, म्हणजे रात्री ताप चढला वगैरे, तर राजधानीच्या भागात १८१३ वर फोन करा. ते आधी बोलून कुठे जायचं ते सांगतात, थेट रुग्णालयात जाऊन बसण्याची पद्धत नाही. मुख्य स्टेशनसमोरचं स्टेनो औषधाचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं.

परतीच्या दिवशी संध्याकाळचं विमान असेल तर घर रिकामं करण्याची वेळ आणि विमान यांच्यामध्ये सहा-सात तास उरतात. बॅगा मुख्य स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका आणि आमाआरच्या समुद्रकिनाऱ्यावर जा, मेट्रोने ते सोपं आहे. एका दुकानात ३०० क्रोनांहून अधिक खरेदी केली असेल तर कराचा परतावा मिळतो. त्याचा फॉर्म दुकानातच भरून घ्या आणि सामान चेक-इन करण्याआधी विमानतळावरची प्रक्रिया उरका, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. मुलांबरोबर विमानतळावर तीन तास आधी पोचा.